मराठी अर्थवृत्तातील अचूकता आणि भाषांतराचा प्रश्न : 'दर्पण' ते ऑनलाइन नियतकालिक

प्रास्ताविक

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास लिहिताना राजकीय व सामाजिक प्रबोधनाच्या अंगाने पुष्कळ विवेचन झाले आहे. त्या मानाने आर्थिक बातमीचा इतिहास उपेक्षित राहिला. कापसाचा भाव, हुंडीचा दर, बँकेचे दिवाळे, व्याजदरातील फेरबदल हे विषय मराठी वाचकापर्यंत कोणत्या शब्दांत पोहोचले आणि त्या शब्दांनी त्याच्या व्यवहारावर काय परिणाम केला, याचा विचार क्वचितच केला जातो. आज आर्थिक बातमी छापील पानाच्या आधी ऑनलाइन नियतकालिकात काही मिनिटांत प्रसिद्ध होते. अशा वेळी या प्रश्नाकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहणे अगत्याचे ठरते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, मराठीतील आर्थिक वृत्त आरंभापासून मोठ्या अंशी भाषांतरित वृत्त राहिले आहे. मूळ घोषणा, परिपत्रक किंवा तार इंग्रजीत आणि वाचक मराठी, ही स्थिती एकोणिसाव्या शतकापासून आजतागायत फारशी बदललेली नाही. त्यामुळे भाषांतर ही मराठी अर्थवृत्ताच्या बाबतीत अचूकतेचीच एक अट ठरते. आकडा बरोबर असूनही शब्द चुकल्यामुळे बातमी चुकू शकते आणि त्या चुकीची किंमत वाचकाला आपल्या ठेवीतून, कर्जाच्या हप्त्यातून किंवा गुंतवणुकीतून मोजावी लागते.

या विवेचनासाठी मीरा-भाईंदर शहराचा संदर्भ मुद्दाम घेतला आहे. १९८५ साली भाईंदर, नवघर, खारी, मीरा व घोडबंदर या ग्रामपंचायती एकत्र करून येथे नगरपरिषद स्थापन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या आठ लाखांच्या वर होती. मिठागरे, उत्तनची मासेमारी, भाईंदर पूर्वेकडील स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे लहान कारखाने आणि गृहकर्ज काढून सदनिका घेतलेली नोकरदार कुटुंबे असा या शहराचा आर्थिक पोत आहे. मराठी, गुजराती, हिंदी, मारवाडी, उर्दू अशा अनेक भाषा येथे शेजारी शेजारी नांदतात. एकच आर्थिक घोषणा येथे एकाच दिवशी निरनिराळ्या भाषांतून वाचली जाते. भाषांतराच्या प्रश्नाचे व्यावहारिक स्वरूप पाहण्यास म्हणूनच हे शहर उपयुक्त ठरते.

दोन स्तंभांचे वृत्तपत्र

मुंबईत देशी भाषेतील वृत्तपत्रांचा आरंभ गुजरातीतून झाला. १ जुलै १८२२ रोजी फर्दुनजी मर्झबान यांनी सुरू केलेल्या 'मुंबईना समाचार' या पत्राचा वाचक प्रामुख्याने व्यापारी होता. जहाजांची ये-जा आणि मालाची खरेदी-विक्री हे त्याच्या रोजच्या गरजेचे विषय होते. मराठी वृत्तपत्राचा उगम याहून वेगळ्या वर्गात झाला. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले, ते अध्यापन व ज्ञानप्रसाराच्या प्रेरणेतून. गुजराती पत्राला व्यापाऱ्याने जन्म दिला व मराठी पत्राला शिक्षकाने, असे ढोबळमानाने म्हणता येईल. मराठी अर्थवृत्ताची पुढील वाटचाल समजून घेताना हा फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

'दर्पण'चे विशेष म्हणजे ते द्वैभाषिक होते. एकाच पृष्ठावर इंग्रजी व मराठी मजकूर दोन स्तंभांत छापला जात असे. आजच्या दृष्टीने या मांडणीचा एक मोठा लाभ होता. दोन्ही भाषा जाणणारा वाचक भाषांतर तेथल्या तेथे पडताळून पाहू शकत होता. मूळ मजकूर आणि त्याचे रूपांतर यांच्यामध्ये कोणताही पडदा नव्हता. १८४० मध्ये 'दर्पण' बंद पडले, तरी द्वैभाषिकतेची परंपरा खंडित झाली नाही. १८६२ मध्ये सुरू झालेले 'इंदुप्रकाश' आणि विश्वनाथ नारायण मंडलिकांचे 'नेटिव्ह ओपिनियन' ही पत्रेही इंग्रजी व मराठी अशा दोन्ही भाषांतून निघत. विसाव्या शतकात मात्र इंग्रजी व मराठी पत्रे स्वतंत्र झाली आणि मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोरून मूळ मजकूर नाहीसा झाला. भाषांतराची जबाबदारी त्यानंतर सर्वस्वी संपादकाकडे आली.

एका शास्त्राची तीन नावे

बातमीचे भाषांतर करावयाचे तर आधी परिभाषा हवी. हुंडी, व्याज, भांडवल, तारण, दलाली, तेजी-मंदी हे शब्द मराठीत पूर्वीपासून होते. पेढ्यांच्या व बाजारांच्या व्यवहारातून ते घडले होते. परंतु इंग्रजी ग्रंथांतून येणाऱ्या अर्थविषयक कल्पनांना नावे द्यावयाची होती. येथे एक बोधप्रद उदाहरण आढळते. लोकहितवादींनी १८४९ मध्ये 'लक्ष्मीज्ञान' हा ग्रंथ लिहिला. १८५४ मध्ये हरि केशवजी यांचे 'देशव्यवहारव्यवस्था' हे पुस्तक आले आणि १८५५ मध्ये कृष्णशास्त्री चिपळूणकरांचे 'अर्थशास्त्रपरिभाषा' प्रसिद्ध झाले. म्हणजे अवघ्या सहा वर्षांत एकाच शास्त्राला मराठीत तीन नावे मिळाली. त्यांपैकी 'अर्थशास्त्र' हे नाव टिकले.

ग्रंथाच्या बाबतीत अशी अनिश्चिती फारशी हानिकारक नसते, कारण ग्रंथकार आपल्या शब्दाची व्याख्या देतो व वाचक ती सावकाश समजून घेतो. बातमीत व्याख्येला जागा नसते. वाचक शब्द वाचतो आणि आपल्या परिचयाचा अर्थ त्याला जोडतो. ग्रंथाच्या भाषांतरात जी सवलत आहे, ती बातमीच्या भाषांतरात नाही. अर्थवृत्ताचे भाषांतर कठीण होण्याचे हे मूळ कारण आहे.

१८६५ ची मंदी आणि तारेची बातमी

अर्थवृत्ताचे महत्त्व मुंबईला प्रथम तीव्रतेने जाणवले ते अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, मुंबईच्या कापसाला विलक्षण भाव आला आणि आलेल्या पैशातून नव्या कंपन्यांचे पेव फुटले. बॅकबे भरावाच्या कंपनीचा ५,००० रुपये भरणा झालेला शेअर दहापटीहून अधिक किमतीला विकला गेला. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची वार्ता आली, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी असंख्य व्यवहार पुरे होऊ शकले नाहीत. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे धनिकही या मंदीत सापडले. बँक ऑफ बॉम्बेचे १८६८ मध्ये विसर्जन करावे लागले.

या घटनेतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, बातमी लवकर कळणे हेच भांडवल ठरू लागले. त्याच सुमारास हिंदुस्थान व युरोप तारेने जोडले गेले आणि १८६६ मध्ये रॉयटर या वृत्तसंस्थेने मुंबईत कार्यालय उघडले. दुसरी गोष्ट अशी की, तारेची भाषा इंग्रजी होती. इंग्रजी जाणणाऱ्यास बातमी प्रथम कळे व मराठी वाचकास ती भाषांतरानंतर मिळे. मधल्या वेळात बाजारात पसरे ती आवई. अर्थवृत्तातील विलंब आणि आवई यांचे नाते तेव्हापासूनचे आहे. पुढे १८७५ मध्ये शेअर दलालांची संघटना स्थापन होऊन बाजाराला शिस्त आली, तरी भाषेची ही दरी बुजली नाही.

सहकारातून आलेली भाषा

विसाव्या शतकात मराठी आर्थिक भाषेला खरे बळ मिळाले ते सहकारी चळवळीतून. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर महाराष्ट्रात पतपेढ्या, नागरी बँका आणि पुढे साखर कारखाने उभे राहिले. त्यांच्या वार्षिक सभा मराठीत होत, अहवाल मराठीत छापले जात आणि सभासद त्यावर मराठीत प्रश्न विचारीत. ठेव, भाग, लाभांश, थकबाकी, जामीनदार, ताळेबंद, तोटा भरून काढणे, गंगाजळी हे शब्द अशा वापरातून सर्वांच्या तोंडी रुळले. ज्या शब्दावर सभेत वाद होतो, त्या शब्दाचा अर्थ पक्का होतो. कोशात तयार झालेल्या शब्दाला हा लाभ मिळत नाही.

भाषा संचालनालयाने परिभाषा कोशांचे जे कार्य केले, त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. शासकीय पत्रव्यवहारास त्याने एकरूपता दिली. तथापि 'अनुत्पादक मत्ता' हा शब्द वाचून सामान्य ठेवीदाराला बोध होत नाही, तर 'थकीत कर्ज' म्हटल्याबरोबर तो होतो. दुसरीकडे त्याच संज्ञेला 'बुडीत कर्ज' म्हणणे अतिशयोक्तीचे ठरते. ठराविक मुदतीत, सर्वसाधारणपणे ९० दिवस, व्याज वा हप्ता न आलेले कर्ज या वर्गात जाते. ते बुडालेच असे नाही. म्हणजे अचूक शब्द अनोळखी आणि ओळखीचा शब्द अतिशयोक्त, अशा कोंडीतून वार्ताहराला मार्ग काढावा लागतो.

या कोंडीचा संबंध थेट ठेवीदाराच्या सुरक्षिततेशी आहे. १९६० मध्ये केरळातील पालाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक या बुडाल्यानंतर १९६१ चा ठेव विमा कायदा झाला. १ जानेवारी १९६२ पासून लागू झालेल्या या विम्याची आरंभीची मर्यादा १,५०० रुपये होती. १९९३ मध्ये ती १ लाख आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ५ लाख रुपये झाली. ही मर्यादा प्रत्येक ठेवीदारास, प्रत्येक बँकेसाठी, सर्व शाखांतील मुद्दल व व्याज मिळून असते. बातमीत 'प्रत्येक खात्याला' असे छापले, तर एकाच बँकेच्या दोन शाखांत मिळून १० लाख रुपये ठेवणारा वाचक स्वतःस पूर्ण सुरक्षित समजेल. एका शब्दाने त्याचे ५ लाख रुपये विम्याबाहेर राहतील आणि ते त्याला कळणारही नाही.

रोखे की शेअर

१९९१ च्या आर्थिक धोरणानंतर अर्थवृत्त मराठी दैनिकांच्या आतील पानावरून पहिल्या पानावर आले. २३ एप्रिल १९९२ रोजी 'टाइम्स ऑफ इंडिया'त पत्रकार सुचेता दलाल यांचे वृत्त प्रसिद्ध झाले आणि हर्षद मेहता प्रकरण उजेडात आले. सर्वसामान्य मराठी बोलण्यात या प्रकरणाला 'शेअर घोटाळा' हेच नाव रूढ झाले. वस्तुतः त्याचे मूळ सरकारी रोख्यांच्या व्यवहारात होते. बँकांमधील रोख्यांच्या खरेदी-विक्रीतील पावत्यांचा गैरवापर करून बँकांचा पैसा शेअर बाजारात वळविण्यात आला होता. 'रोखे गैरव्यवहार' म्हटले की दोष बँकांच्या देखरेखीकडे जातो, 'शेअर घोटाळा' म्हटले की तो शेअर बाजाराकडे जातो. नाव बदलले की दोषाचे स्थान बदलते. मराठी मध्यमवर्गाच्या एका पिढीने 'शेअर म्हणजे जुगार' असा जो निष्कर्ष काढला, त्याला हे नामकरणही काही अंशी कारणीभूत झाले असावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

याच काळात वेळेचे गणितही बदलले. केंद्रीय अर्थसंकल्प पूर्वी सायंकाळी पाच वाजता मांडला जाई. १९९९ मध्ये यशवंत सिन्हा यांनी तो सकाळी अकरा वाजता मांडला. पूर्वी मराठी दैनिकातील उपसंपादकाला रात्रीच्या पाळीत घाईघाईने भाषांतर करावे लागे. सकाळच्या अर्थसंकल्पामुळे त्याला काही तासांची उसंत मिळाली. ऑनलाइन माध्यमांनी ती पुन्हा हिरावून घेतली, कारण आता भाषण चालू असतानाच मथळे प्रसिद्ध होतात.

आकडा बरोबर, अर्थ चुकीचा

अर्थवृत्तातील भाषांतराच्या चुका मुख्यतः तीन प्रकारच्या आढळतात. पहिला प्रकार संख्यांचा आहे. मिलियन म्हणजे १० लाख, बिलियन म्हणजे १०० कोटी अर्थात एक अब्ज आणि ट्रिलियन म्हणजे १ लाख कोटी. मराठी अंकगणिताच्या परंपरेत अब्जानंतर लगेच खर्व येतो, म्हणजे खर्व हा दहा अब्जांचा. हिंदीतील 'खरब' मात्र शंभर अब्जांचा. हिंदी मजकुरावरून मराठी भाषांतर करताना 'खरब'चा 'खर्व' केला, तर रक्कम एकदशांश होते. मीरा-भाईंदरसारख्या शहरात, जेथे हिंदी व मराठी मजकुरांची देवघेव सतत चालते, तेथे ही चूक केवळ कल्पनेतली मानता येत नाही.

दुसरा प्रकार दरांचा आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. ही वाढ अडीच टक्के-अंकांची होती. 'व्याज अडीच टक्क्यांनी वाढले' असे मोघम लिहिले, तर ७ टक्क्यांचे कर्ज ७.१७५ टक्के झाले असा अर्थ गणिताने निघू शकतो. प्रत्यक्षात ३० लाख रुपयांच्या २० वर्षे मुदतीच्या कर्जाचा दर ७ वरून ९.५ टक्के झाला, तर मासिक हप्ता सुमारे २३,२६० रुपयांवरून सुमारे २७,९६० रुपये होतो. दरमहा ४,७०० रुपयांचा हा फरक मीरारोडच्या नोकरदार कुटुंबाच्या घरखर्चात लपणारा नाही.

तिसरा प्रकार संज्ञांचा आहे. जून २००९ मध्ये घाऊक किंमत निर्देशांकावर आधारित दर उणे १.६१ टक्के नोंदवला गेला. त्याच महिन्यात औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकातील वाढ ९ टक्क्यांहून अधिक होती. इंग्रजीतील 'इन्फ्लेशन'साठी मराठीत चलनवाढ, भाववाढ आणि महागाई हे तीन शब्द अदलाबदलीने वापरले जातात. 'महागाई उणे झाली' हे वाक्य घाऊक निर्देशांकापुरते खरे होते, परंतु किराणा दुकानात उभ्या असलेल्या वाचकाला ते उघड खोटे वाटणारे होते. महागाईचा दर कमी होणे म्हणजे वस्तू स्वस्त होणे नव्हे, भाव वाढण्याचा वेग मंदावणे होय, हे एक वाक्य बातमीत असते तर वाचकाचा वृत्तावरील विश्वास टिकला असता.

संज्ञांचे दुसरे उदाहरण एप्रिल २०२० मधील आहे. ५० मोठ्या हेतुपुरस्सर कर्जबुडव्यांची ६८,६०७ कोटी रुपयांची कर्जे बँकांनी हिशेबातून वगळल्याची माहिती एका माहिती अधिकार अर्जावरील उत्तरातून पुढे आली. हिशेबी भाषेत हे 'निर्लेखन' होते. अशा निर्लेखनानंतरही वसुलीचा हक्क कायम राहतो. सार्वजनिक चर्चेत मात्र त्याला सर्रास 'कर्जमाफी' म्हटले गेले. महाराष्ट्रात कर्जमाफी या शब्दाला २००८, २०१७ व २०१९ च्या शेतकरी योजनांचा स्पष्ट संदर्भ आहे. माफी म्हणजे ऋणको मोकळा झाला, अशी येथील वाचकाची पक्की समजूत असते. निर्लेखित कर्जांची वसुली प्रत्यक्षात अल्प होते अशी टीका करावयाची असेल, तर ती अवश्य करावी. परंतु त्यासाठी आधी दोन शब्दांतील भेद सांगणे आवश्यक आहे.

निर्देश आणि आवई

ऑनलाइन युगातील कसोटीचा प्रसंग २३ सप्टेंबर २०१९ रोजी आला. त्या दिवशीच्या निर्देशांन्वये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले. ठेवीदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा होती. तीनच दिवसांत ही मर्यादा १०,००० रुपये झाली, ३ ऑक्टोबरला २५,०००, १४ ऑक्टोबरला ४०,००० आणि नोव्हेंबरमध्ये ५०,००० रुपये झाली. भांडुपला मुख्यालय असलेल्या या बँकेचे ठेवीदार मुंबई महानगर परिसरात मोठ्या संख्येने होते.

या वृत्ताच्या हाताळणीत दोन अडचणी होत्या. पहिली अडचण शब्दाची. 'निर्बंध', 'परवाना रद्द' आणि 'दिवाळे' या तीन भिन्न अवस्था आहेत. निर्बंध म्हणजे परवाना रद्द झाला असे समजू नये, असा खुलासा रिझर्व्ह बँकेच्या पत्रकातच असतो. 'बँक बुडाली' या मथळ्यात हा खुलासा हरवतो. दुसरी अडचण काळाची. मर्यादा पाच-सहा आठवड्यांत चार वेळा बदलली. छापील अंक दुसऱ्या दिवशी शिळा होतो आणि त्यावर तारीख असते. ऑनलाइन लेख मात्र महिनोन्‌महिने फिरत राहतो. ऑक्टोबरमध्ये जुना मजकूर वाचणाऱ्या ठेवीदाराला १,००० रुपयांचीच मर्यादा खरी वाटणार, हे उघड होते.

या पोकळीत आवई शिरली. त्याच आठवड्यात काही सरकारी बँका कायमच्या बंद होणार असल्याचे संदेश समाजमाध्यमांवर पसरले आणि २५ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेला त्याचे जाहीर खंडन करावे लागले. 'ध'चा 'मा' झाल्याची नारायणराव पेशव्यांच्या वधाची आख्यायिका मराठी माणसाला ठाऊक आहे. अर्थवृत्तात 'निर्बंध'चा 'बंद' होण्यासही तितकाच अवधी लागतो.

पुढे २५ जानेवारी २०२२ रोजी ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. 'विलीनीकरण' या शब्दाने सर्व ठेवी सुरक्षित व उपलब्ध झाल्याचा समज होणे स्वाभाविक होते. प्रत्यक्ष योजनेत ५ लाखांवरील रक्कम टप्प्याटप्प्याने, काहींच्या बाबतीत १० वर्षांपर्यंत, मिळावयाची होती. उलट ४ ऑगस्ट २०२५ रोजी न्यू इंडिया सहकारी बँक सारस्वत बँकेत विलीन झाली, तेव्हा ठेवीदारांना अशा दीर्घ टप्प्यांची वाट पाहावी लागली नाही. दोन्ही बातम्यांत शब्द एकच होता, परंतु ठेवीदाराच्या वाट्याला आलेले वास्तव भिन्न होते. म्हणून अर्थवृत्तात संज्ञेबरोबर तिच्या अटीही सांगाव्या लागतात.

ऑनलाइन नियतकालिकाची कार्यपद्धती

वरील इतिहासाच्या आधारे मराठी ऑनलाइन नियतकालिकाच्या कार्यपद्धतीविषयी काही गोष्टी सुचविता येतात. यंत्रभाषांतराच्या प्रसारामुळे त्यांची निकड वाढली आहे. गूगलच्या भाषांतर सेवेत २०१३ मध्ये मराठीचा समावेश झाला आणि नंतरच्या वर्षांत तिची गुणवत्ता सुधारली. तरीही 'सिक्युरिटी' म्हणजे कोठे रोखे, कोठे तारण आणि कोठे सुरक्षा, 'यील्ड' म्हणजे कोठे परतावा आणि कोठे पीक, 'स्टॉक' म्हणजे कोठे शेअर आणि कोठे मालाचा साठा, याचा निर्णय संदर्भ जाणणाऱ्या संपादकानेच करावयाचा असतो.

'दर्पण'च्या दोन स्तंभांचे तत्त्व ऑनलाइन पृष्ठावर सहज पुनरुज्जीवित करता येते. मूळ परिपत्रकाचा दुवा आणि त्यातील निर्णायक संज्ञा देवनागरीत जशीच्या तशी दिली, तर वाचकाला पडताळणीचा हक्क परत मिळतो. प्रत्येक नियतकालिकाने आपला संज्ञाकोश ठरवून तो वाचकांसाठी खुला ठेवावा आणि त्यात सहकारी चळवळीने रुळवलेल्या शब्दांना अग्रक्रम द्यावा. मूळ आकडा आणि लाख-कोटीतील रूपांतर दोन्ही द्यावेत. दराच्या बातमीत आधीचा व नंतरचा दर लिहावा, म्हणजे टक्के आणि टक्के-अंक यांचा घोटाळा उरत नाही. मजकूर बदलला तर तारीख, वेळ आणि बदलाचे स्वरूप लेखाच्या माथ्यावरच नोंदवावे. मूक दुरुस्ती ही अर्थवृत्तात चुकीइतकीच घातक असते, कारण ज्याने जुना मजकूर वाचून व्यवहार केला त्याला दुरुस्ती झाल्याचे कळतच नाही.

वेग व अचूकता यांच्यात विरोध आहे, असा एक आक्षेप या ठिकाणी घेतला जाईल. तो काही अंशी खरा आहे. तथापि बँकेवर निर्बंध आल्याची बातमी दहा मिनिटे उशिरा दिल्याने ठेवीदाराचे नुकसान होत नाही, कारण निर्बंध तोवर लागू झालेलेच असतात. चुकीच्या मथळ्यामुळे सुस्थितीतील शेजारच्या पतपेढीसमोर रांग लागली, तर मात्र नुकसान होते. १८६६ च्या व्यापाऱ्याला तार लवकर हवी होती, कारण तो तिच्यावर सौदा करणार होता. आजच्या मराठी वाचकांपैकी बहुसंख्य ठेवीदार व कर्जदार आहेत. त्यांची गरज सौदेबाजाची नव्हे, याचे भान संपादकीय धोरणात असावयास हवे.

समारोप

मराठी अर्थवृत्ताचा इतिहास पाहता असे दिसते की, भाषेची समर्थता व्यवहारातून येते. पेढीने हुंडी हा शब्द जोपासला, सहकाराने ठेव व थकबाकी हे शब्द पक्के केले. कोशांनी शब्द पुरविले, परंतु त्यांना अर्थ मिळवून दिला तो वापरणाऱ्यांनी. ऑनलाइन नियतकालिकांना आज हेच कार्य पुढे न्यावयाचे आहे.

मीरा-भाईंदरसारख्या शहरात भाषांविषयी पुष्कळ बोलले जाते. कोणत्या भाषेत बोलावे हा वाद तेथे नवा नाही. परंतु भाषेचा मान तिच्यातून मिळणाऱ्या माहितीच्या विश्वासार्हतेवरही अवलंबून असतो. आपल्या बँकेचे काय झाले हे खात्रीने कळण्यासाठी मराठी वाचकाला इंग्रजी पत्रक शोधावे लागत असेल, तर मराठी अर्थवृत्ताचे काम अपुरे राहिले असे म्हणावे लागेल. उत्तनच्या मच्छीमार सहकारी संस्थेचा सभासद, भाईंदरच्या भांडी कारखान्यातील कामगार आणि मीरारोडचा कर्जदार यांना आपल्या पैशाविषयीची बातमी आपल्या भाषेत पहिल्या वाचनात आणि बिनचूक समजली पाहिजे. 'दर्पण'कारांनी जवळजवळ दोन शतकांपूर्वी दोन स्तंभ शेजारी ठेवून वाचकाला जी पडताळणीची सोय दिली होती, ती आजच्या साधनांनी देणे अधिक सुलभ आहे. ती न देण्याला आता तांत्रिक सबब उरलेली नाही.